कामाचा पुरावा: सीमाभागातील स्वयंशिक्षित प्रोग्रॅमर आणि पहिली नोकरी

संगणकाकडून काम करून घेण्यासाठी त्याला कळेल अशा भाषेत लिहिलेल्या सूचनांच्या मालिकेला प्रोग्रॅम किंवा आज्ञावली म्हणतात, आणि अशा आज्ञावल्या लिहिण्याची विद्या महाविद्यालयाच्या वर्गात न बसता पुस्तकांतून, इंटरनेटवरील पाठांतून आणि स्वतःच्या खटपटीतून मिळवणाऱ्याला या प्रकरणात स्वयंशिक्षित प्रोग्रॅमर म्हटले आहे. डॉक्टरला वैद्यक परिषदेकडे आणि वकिलाला १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानुसार बार कौन्सिलकडे नाव नोंदवल्याखेरीज व्यवसाय करता येत नाही. प्रोग्रॅमरला मात्र भारतात असा कोणताही परवाना लागत नाही. कायद्याने दार उघडे असूनही निपाणीत बी.कॉम. झालेल्या किंवा खानापुरात आयटीआय झालेल्या तरुणाला पहिल्या नोकरीच्या वेळी ते बंद दिसते. त्याला पुरेसे येत नसेल, असे याचे कारण सहसा सांगितले जाते, आणि कधी कधी ते खरेही असते. पण पुष्कळदा त्याला काय येते हे तपासायला लागणारा वेळ समोरच्याकडे नसतो, आणि तो वेळ वाचवण्याचे साधन म्हणजे पदवी.

मोठ्या सेवा कंपन्यांची, म्हणजे परदेशी ग्राहकांसाठी सॉफ्टवेअर बनवून देणाऱ्या कंपन्यांची भरती हजारोंच्या संख्येने होते. प्रत्येक उमेदवाराशी बोलणे अशक्य असल्यामुळे दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही परीक्षांत ६० टक्के गुण, एकही विषय राहिलेला नसणे आणि शिक्षणात मोठा खंड नसणे अशा सरधोपट अटी लावून अर्जांचा ढीग आधी कमी केला जातो, आणि हे काम बहुधा माणूस करत नाही, अर्जातील शब्द जुळवून पाहणारे सॉफ्टवेअर करते. घरची तंबाखूची शेती सांभाळताना दोन वर्षे वाया गेलेल्या मुलाने या काळात पायथॉन ही आज्ञावलीची भाषा कितीही चांगली आत्मसात केलेली असली, तरी ती गोष्ट या चाळणीला दिसत नाही. या कंपन्यांत नवख्याचा वार्षिक पगार दीर्घकाळ साडेतीन लाख रुपयांच्या आसपासच राहिलेला आहे. तरीही महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील घरांत नोकरी म्हटले की आधी त्यांचीच नावे निघतात, आणि पदवी नसलेल्याची उमेद नेमकी तिथेच आधी खचते.

बेळगाव हे अशा तरुणासाठी अवघड ठिकाण आहे, कारण इथे पदवीधर अभियंत्यांचा तुटवडा नाही. कर्नाटकातील बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालये ज्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्याचे मुख्यालय १९९८ पासून बेळगावातच आहे, आणि गोगटे तंत्रनिकेतनासारखी महाविद्यालये १९७९ पासून अभियंते घडवत आली आहेत. निपाणीची स्थिती आणखी वेगळी: गावाला लागून असलेले देवचंद महाविद्यालय अर्जुननगरात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात आहे आणि शिवाजी विद्यापीठाला जोडलेले आहे, त्यामुळे राहायला कर्नाटकात आणि शिकायला महाराष्ट्रात हा तिथल्या घरांचा नित्याचा व्यवहार आहे. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, बेळगावहून पुणे सुमारे साडेतीनशे आणि बंगळूर सुमारे पाचशे किलोमीटर. दोन मोठ्या संगणक-नगरांच्या मधोमध असलेल्या या पट्ट्यातून दरवर्षी माणसे दोन्ही बाजूंना जातात. इथे राहून काम मिळणे ही गोष्ट मात्र आजही अपवादच आहे.

असे असले तरी पदवीवाचून कसबाच्या बळावर कामाला लागण्याची रीत बेळगावला नवी नाही. तिथल्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील ओतशाळा आणि मशीन शॉप यांनी ती अनेक दशके चालवली आहे. तिथे लेथवर माणूस घ्यायचा झाला की त्याची ‘ट्रायल’ घेतात: हातात ड्रॉइंग आणि धातूचा तुकडा देतात, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर समोर ठेवतात, आणि तासाभराने जॉब मोजून बघतात. माप बसले तर शाळा कोणती हे कोणी फारसे विचारत नाही. हेल्पर म्हणून आलेला मुलगा ऑपरेटर होतो, ऑपरेटरचा सेटर, म्हणजे कामाप्रमाणे यंत्र लावून देणारा, होतो, आणि सेटर हा कारखान्यातला मानाचा माणूस असतो. संगणकाच्या व्यवसायात जिला आज कौशल्याधारित भरती असे मोठे नाव आहे, ती उद्यमबागेत ट्रायल या साध्या शब्दात कधीचीच रुळलेली आहे.

हे साम्य वरवरचे नाही, कारण सीएनसी, म्हणजे संगणकाच्या नियंत्रणाखाली चालणारी यंत्रे आल्यापासून सेटर खरोखरच एका प्रकारची आज्ञावली लिहितो. तिच्यात जी ०० ही सूचना हत्याराला पूर्ण वेगाने जागा बदलायला सांगते आणि जी ०१ ठरलेल्या मंद गतीने धातू कापत पुढे सरकायला सांगते. जी ०१ च्या जागी चुकून जी ०० पडले, तर हत्यार कापण्याऐवजी पूर्ण वेगाने जॉबवर आदळते, टूल तुटते आणि प्रसंगी यंत्राचा स्पिंडलही बिघडतो. म्हणून जाणता सेटर नवा प्रोग्रॅम थेट चालवत नाही. आधी धातू न कापता ‘ड्राय रन’ घेतो, मग यंत्र ‘सिंगल ब्लॉक’वर टाकतो, म्हणजे एक ओळ चालली की यंत्र थांबते, तो हत्याराची जागा डोळ्यांनी पाहतो आणि बटण दाबून पुढची ओळ सोडतो. सॉफ्टवेअरमधील चूक शोधताना आज्ञावली एकेक ओळ पुढे नेत प्रत्येक टप्प्यावर आतली मूल्ये तपासणे, ज्याला डीबगिंग म्हणतात, ते नेमके हेच काम आहे. पुन्हा पुन्हा लागणारा भाग वेगळा लिहून एम ९८ ने बोलावणे आणि एम ९९ ने परत येणे म्हणजे प्रोग्रॅमरच्या भाषेतील फंक्शन; फानुकच्या मॅक्रो पद्धतीत तर किंमत बदलती ठेवणारी चले आणि ‘असे असेल तर तसे कर’ या धाटणीच्या अटीही लिहिता येतात. मच्छे किंवा उद्यमबागेत तीन वर्षे सेटिंग केलेल्या मुलाने आपण प्रोग्रॅमिंगच्या वाटेला अजून गेलोच नाही असे समजू नये. सूचनांच्या क्रमाबद्दलची शिस्त आणि चुकीची किंमत त्याला वर्गात शिकलेल्या पुष्कळांपेक्षा आधी कळलेली असते.

बेळगावचा औद्योगिक इतिहासच मुळी अशा माणसापासून सुरू होतो. याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ मध्ये जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला चित्रकला शिकायला गेले, रंगांधळेपणामुळे ती सोडून यांत्रिक रेखाटनाकडे वळले, तांत्रिक संस्थेत शिकवू लागले, आणि तिथे हक्काची बढती डावलली गेल्यावर बेळगावात परतून सायकलच्या दुकानात रमले. १८८८ मध्ये सुरू झालेले हे दुकान पुढच्या साऱ्या उद्योगाचे मूळ ठरले. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. कडबा कापण्याच्या यंत्रानंतर त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल अशी धास्ती शेतकऱ्यांना वाटत होती आणि नांगर बराच काळ विकला गेला नाही. नांगरात खोट नव्हती. तो चालताना कोणी पाहिलेला नव्हता. शेजारच्या रानात तो चाललेला दिसला आणि मग मागणी आली. नव्या माणसाबद्दलची शंकाही अशीच काम डोळ्यांनी पाहूनच फिटते, आणि १९१० मध्ये बेळगाव सोडून किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या या उद्योजकाच्या सुरुवातीच्या वर्षांत स्वयंशिक्षिताला घेण्यासारखे सर्वांत जास्त हेच आहे.

शिकण्याची साधने आता हाताशी आहेत, आणि त्यांतील काही मराठीतही आहेत ही गोष्ट पुरेशी माहीत नाही. मुंबईच्या आयआयटीने चालवलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी, पायथॉन, जावा, लिनक्स अशा विषयांचे साधारण दहा-दहा मिनिटांचे दृश्यपाठ मोफत मिळतात आणि त्यांतील पुष्कळ पाठांचे निवेदन मराठीत तसेच कन्नडमध्ये ऐकता येते. पडद्यावरचे शब्द इंग्रजीच राहतात, आणि ते बरेच आहे, कारण संगणक चूक दाखवतो ती इंग्रजीतच. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने कल्पना मराठीत समजून घ्याव्यात आणि चुकीचे संदेश मात्र इंग्रजीत, शब्दकोश घेऊन, एकेक शब्द लावत वाचायची सवय पहिल्या महिन्यापासून जडवावी. इंग्रजी बोलण्याचे वर्ग लावण्याआधी ही सवय अधिक उपयोगी पडते. पाठ पाहून पाठातलाच प्रोग्रॅम पुन्हा लिहिणे म्हणजे कित्ता गिरवणे; अक्षर सुधारण्यासाठी तो लागतोच, पण कित्त्याची वही कोणी नोकरीसाठी दाखवत नाही. कामांची यादी ठेवणारे ॲप, हवामान दाखवणारे पान आणि चित्रपटांची सूची या तीन गोष्टी जगभरच्या नवख्यांच्या खात्यांवर सारख्याच दिसतात, आणि त्यांवरून उमेदवाराबद्दल काहीच कळत नाही.

दाखवण्यासारखे काम सीमाभागात पावलोपावली पडलेले आहे. एक उदाहरण जरा जवळून पाहण्याजोगे आहे. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. त्याआधीचे इंग्रजी स्पेलिंग वेगळे होते, मराठी माणूस बेळगाव लिहितो, कन्नड माणूस कन्नड लिपीत लिहितो, आणि वाहतूक कंपनीच्या किंवा औषधांच्या घाऊक विक्रेत्याच्या ग्राहकयादीत ही सारी रूपे एकाच वेळी नांदत असतात. चिकोडी आणि चिक्कोडी, निपाणी आणि निप्पाणी यांचेही तेच. संगणकाच्या दृष्टीने ही निरनिराळी गावे होत, आणि एकाच दुकानदाराच्या नावावर तीन खाती उघडतात. ही यादी घेऊन, उच्चार जवळ असलेली नावे ओळखून एकाखाली आणणारा आणि शंका असेल तिथे माणसाला विचारणारा छोटा प्रोग्रॅम कोणी लिहिला, तर त्यात खऱ्या कामाच्या सगळ्या अडचणी भेटतात.

त्यातली लिपीची अडचण पुस्तकी अभ्यासात सहसा भेटत नाही. युनिकोड या जागतिक पद्धतीत प्रत्येक लिपीचिन्हाला एक क्रमांक असतो, आणि तो साठवण्याच्या यूटीएफ-८ या रूढ रीतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे स्मृतीची तीन लहानात लहान घरे लागतात. ‘श्रीकृष्ण’ हे नाव डोळ्यांना तीन अक्षरांचे दिसते. पण त्यात श, हलन्ताची खूण, र, दीर्घ वेलांटी, क, ऋकाराची खूण, ष, पुन्हा हलन्ताची खूण आणि ण अशी नऊ चिन्हे आहेत, म्हणजे सत्तावीस बाइट. नावासाठी वीस बाइटांची जागा ठेवून इंग्रजी डोळ्याने बनवलेल्या प्रोग्रॅममध्ये हे नाव मध्येच तुटते आणि बिलावर चौकोन उमटतो. कन्नडलाही हाच हिशेब लागू आहे. याच्या जोडीला श्रीलिपी किंवा नुडी यांच्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये छापखान्यांनी साठवून ठेवलेला मजकूर आहे, ज्यात अक्षरे रोमन चिन्हांच्या जागांवर बसवलेली असतात आणि फाँट बदलला की सगळे अगम्य होते. असा मजकूर युनिकोडमध्ये आणणारा, ऱ्ह आणि ऱ्य यांतला अर्धा र न चुकवणारा परिवर्तक हा मोठमोठ्या शहरांतील उमेदवारांना सहसा न सुचणारा प्रकल्प आहे, आणि सीमाभागातील मुलाला तो परिस्थितीनेच हातात दिला आहे.

काम केले की ते दिसले पाहिजे. त्यासाठी गिट हे साधन शिकणे अटळ आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये बनवलेले हे साधन आज्ञावलीत केलेला प्रत्येक बदल, तो कधी आणि कशासाठी केला या टिपणासह जपून ठेवते. २००८ पासून चालू असलेल्या गिटहबसारख्या ठिकाणी हा सारा संग्रह कोणालाही पाहता येतो. एका रात्रीत आणून टाकलेला तयार प्रोग्रॅम आणि तीन महिन्यांत चाळीस बदलांनी, चुकत-सुधारत उभा राहिलेला प्रोग्रॅम यांतला फरक जाणकाराला तिथे पाच मिनिटांत कळतो. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून या फरकाचे मोल वाढले आहे, कारण चालणारी आज्ञावली आता यंत्रही लिहून देते. म्हणून मुलाखतीत हल्ली उमेदवाराने आणलेलेच काम उघडून, ही ओळ अशी का, इथे नाव रिकामे आले तर काय होईल, असे विचारत जाण्याकडे कल दिसतो. आपल्या कामातील प्रत्येक ओळीचा जबाब ज्याला देता येतो तो या प्रश्नांना घाबरत नाही, आणि यंत्राने लिहून दिलेले न वाचता ज्याने पुढे केले त्याची पंचाईत तिसऱ्या प्रश्नाला होते.

पहिले काम कुठे शोधायचे या प्रश्नाला सीमाभागात एक दुर्लक्षित उत्तर आहे. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर १९८६ मध्ये बंगळूरला जन्माला आले ते श्यामसुंदर गोयंका यांच्या स्वतःच्या धंद्याचा हिशेब ठेवण्यासाठी, आणि ते लिहिले त्यांचे पुत्र भरत गोयंका यांनी. बेळगावच्या खडे बाजारातील किंवा गणपत गल्लीतील पेढ्या आणि उद्यमबागेतील कारखाने यांपैकी कित्येकांचा कारभार आज त्यावर चालतो, आणि १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यापासून संगणकावरील हिशेब ही गरजच झाली आहे. टॅलीमध्ये ग्राहकाच्या गरजेप्रमाणे फेरफार करण्यासाठी टीडीएल नावाची स्वतंत्र भाषा आहे. ती जाणणारी माणसे लहान गावांत थोडी आहेत आणि त्यांना काम देणारे विक्रेते जागोजागी आहेत. ओतशाळेत कोणत्या भट्टीतले किती कास्टिंग कोणत्या दोषाने रद्द झाले याचा रोजचा तक्ता, गूळ अडत्याच्या आवकेची नोंद, शहापूर-वडगावातील मागवाल्याचा सूत आणि साड्यांचा हिशेब, अशी कामे ईआरपीनेक्स्टसारख्या खुल्या, फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर उभी करता येतात. ईआरपी म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र बांधणारी प्रणाली. अशा कामात पगार कमी असतो आणि शिकवणारा वरिष्ठ बहुधा नसतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण सांगितलेले काम आणि हवे असलेले काम यांतले अंतर ओळखायला जे इथे शिकायला मिळते, ते मोठ्या कंपनीत पहिल्या दोन वर्षांत क्वचितच वाट्याला येते. मालक मराठीत, फोरमन कन्नडमध्ये आणि कागदपत्रे इंग्रजीत, हे सीमाभागाचे नेहमीचे चित्र आहे, आणि तिन्हींत वावरणारा मुलगा या कामात सहज उजवा ठरतो.

कन्नडचा प्रश्न इथे नाजूक आहे आणि तो टाळून चालणार नाही. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने खासगी उद्योगांत स्थानिकांसाठी जागा राखणाऱ्या विधेयकाला मंजुरी दिली आणि उद्योगजगतातून विरोध होताच ते थांबवून ठेवले. त्या मसुद्यातील ‘स्थानिक’ या शब्दाच्या व्याख्येत कन्नड बोलता, वाचता आणि लिहिता येण्याची अट होती. सीमावादाबद्दल घराघरांतली भूमिका काहीही असो, हुबळी-धारवाड-बेळगाव हा पट्टा बंगळूरबाहेरील तंत्रज्ञान-केंद्र म्हणून वाढवण्याचे राज्याचे धोरण आहे, आणि तिथे काम करू पाहणाऱ्या मराठी मुलाला कन्नड वाचता येणे हा भाषेचा पराभव नसून पोटापाण्याची सोय आहे, असे मानणे शहाणपणाचे.

पदवीवाचून किंवा साध्या पदवीवर आत घेणाऱ्या काही मोठ्या वाटाही आहेत: झोहो कंपनी तमिळनाडूतील आपल्या शाळांमध्ये बारावी किंवा पदविका झालेल्यांना विद्यावेतन देऊन शिकवते, एचसीएलची टेकबी योजना बारावीनंतर घेते, आणि विप्रोची एक योजना बी.सी.ए. व बी.एस्सी. झालेल्यांना काम करता करता पुढचे शिक्षण देते. त्यांच्या अटी दरवर्षी बदलत असल्याने त्या मूळ संकेतस्थळावरच वाचाव्यात.

या वाटांच्या कडेला फसवणूकही बसलेली असते. नोकरी लावून देतो म्हणून आधी अनामत मागणारा मध्यस्थ हा तिचा जुना प्रकार. नवा आणि अधिक घातक प्रकार म्हणजे न केलेल्या नोकरीचे अनुभवपत्र विकणे. २०१४ पासून भविष्यनिर्वाह निधीच्या प्रत्येक सदस्याला एकच कायम क्रमांक, म्हणजे यूएएन मिळतो, आणि कोणत्या आस्थापनेत कधी लागला व कधी सोडले याची नोंद त्यावर राहते. मोठ्या कंपन्या नेमणुकीनंतरही ती पडताळून पाहतात. दोन वर्षांचा अनुभव सांगणाऱ्याच्या नावावर त्या काळातील एकही नोंद नसली की संशय येतो, आणि खोटेपणा उघड झाल्यावर हाती आलेली नोकरी जाते.

उलट बाजूने, खरे काम करूनही त्याची नोंद न होण्याचा धोका लहान गावांत मोठा आहे. निधीचा कायदा साधारणतः वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना लागू होतो, त्यामुळे चार-पाच जणांच्या टॅली-विक्रेत्याकडे किंवा दोन खोल्यांच्या सॉफ्टवेअर दुकानात वर्षभर राबलेल्याच्या नावावर काहीच चढत नाही, आणि पगार पाकिटातून रोख मिळत असेल तर ते वर्ष कागदावर उरतच नाही. म्हणून पगार हजाराने कमी असला तरी चालेल, पण तो बँकेत जमा व्हावा, रुजू होताना तारखेसह नेमणूकपत्र मिळावे, आणि सोडताना कार्यमुक्तीचे पत्र मिळावे, एवढे पहिल्याच दिवशी मालकाशी बोलून घ्यावे. उद्यमबागेतले जुने सेटर नवीन मुलाला सांगतात की जॉब उतरवल्यावर माप लगेच वहीत लिहायचे, कारण संध्याकाळी कोणाचा जॉब कोणता हे कोणालाच आठवत नसते.